आज विरोधात कोण?

शनिवार हा मस्कतमध्ये आठवड्याचा पहिला दिवस असायचा. गुरुवार-शुक्रवारची सुट्टी अजून अंगात असायची, अल् खुवैरमध्ये गाडी लावायला जागा शोधता शोधता डोकं तापलेलं असायचं, आणि वर ऑफिसात पोचावं तर मीटिंगच्या खोलीत अध्यक्ष आम्हा सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन्सिली, समोर लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात स्वतः उकळून आणलेली काळी कॉफी. सगळे बसले की ते एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारायचे, "आज विरोधात कोण?"

विरोधाची पाळी असायची. आमची कंपनी रस्ते आणि पूल डिझाइन करायची, आणि तिथे दर आठवड्याला एका माणसानं विरोधक व्हायचं असा त्यांनी नियम लावून दिला होता. फळ्याच्या कोपऱ्यात नाव लिहिलेलं असायचं. ज्याचं नाव, त्यानं मीटिंगमध्ये येईल त्या गोष्टीला विरोध करायचा. मनातून पटली असली तरी करायचा, आणि कारणही द्यायचं. नुसतं 'नको' म्हटलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा त्याचीच पाळी.

आता आम्ही तिथे बहुतेक सगळे भारतीय. साहेबाला विरोध करायचा तरी आधी साहेबाची परवानगी मागणारी जमात. आमचे केरळी अकाउंटंट पाळी आली की उभे राहायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि म्हणायचे, "सर, विथ युअर काइंड परमिशन, आय ॲम अपोजिंग, सर." मग कशाला विरोध करायचा हे न सुचून एसीच्या दुरुस्तीला विरोध करायचे, तोही मे महिन्यात. अध्यक्ष तो विरोध गंभीरपणे ऐकून घ्यायचे. एकदा तर त्या विरोधामुळे एसीवाला खरोखरच पुढच्या आठवड्यावर गेला, आणि अकाउंटंटशी निम्मं ऑफिस बोलेना.

कंपनीचा ड्रायव्हर दत्ताराम मालवणकडचा. मस्कतमध्ये जुना, अरबी घरच्यासारखं बोलायचा. त्याचीही पाळी लागायची, कारण अध्यक्षांच्या हिशेबात मीटिंगला आलेला प्रत्येक माणूस मीटिंगचा सभासद. पहिल्या वेळी बाहेर येऊन तो मला म्हणाला, "वैनी, माका घाम फुटलो. सायबाच्या तोंडार ना कसा म्हणाचा?" पुढे मात्र त्याला त्याची चटक लागली, आणि स्वतःची पाळी नसतानाही तो दारात उभा राहून हळूच माना हलवायचा.

'अध्यक्ष' हे नावही त्यानंच ठेवलेलं. म्हाताऱ्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी उपयोग नाही, इतकी जोडाक्षरं त्यात होती की वाचताना तुमचीच जीभ अडकेल. ते क्रोएशियाचे. पण क्रोएशिया म्हटलं की ते म्हणायचे, हो, आता क्रोएशिया. त्यांच्या तरुणपणी तो युगोस्लाव्हिया होता, लाल ताऱ्याचा, मार्शल म्हणवणाऱ्या त्यांच्या राष्ट्रप्रमुखाचा. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्यांनी सांगितलं की ते गावच्या तरुण संघाचे अध्यक्ष होते, मग जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष, मग नगरपालिकेचे अध्यक्ष, मग मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संघाचेही अध्यक्ष, आणि मध्ये काही वर्षं राजधानीत पाण्याच्या खात्याचे मंत्री. दत्तारामनं गाडीत मला सांगितलं, "ह्या म्हाताऱ्याक कायव इचारा, ह्यो खंयचोतरी अध्यक्ष होतोच." त्या दिवसापासून ते अध्यक्ष झाले. त्यांना हे नाव कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की निवडणूक झाली होती का.

आमच्या ऑफिसात ते सल्लागार होते. वादींवरचे, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या तिथल्या नद्यांवरचे, पूल, रस्त्याखालच्या मोऱ्या, पुराचं पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल, हे सगळं त्यांच्याकडे. मी त्यांच्या हाताखाली डिझाइनला. मला ते 'कोलेगा' म्हणायचे, म्हणजे सहकारी. नोकरीच्या बाबतीत बोलायचं तर ते एका धाग्यावर लटकलेले होते. साठी कधीच उलटून गेलेली, आधीच्या पासपोर्टवरचा देश नकाशावरून गेलेला, बायको त्यांच्या इराकमधल्या नोकरीच्या वर्षांत वारलेली. आमचे मॅनेजर लेबनीज गृहस्थ, सगळ्या गोष्टी 'यल्ला' म्हणून सुरू करायचे आणि 'खलास' म्हणून संपवायचे. त्यांच्या मर्जीवर अध्यक्षांचा करार दर वर्षी वाढायचा. तो वाढला नाही की व्हिसा संपला, आणि मग जायचं कुठे, हे अध्यक्ष कुणालाच सांगत नसत. घर आहे का तिकडे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, एक फ्लॅट आहे, आईचा, कुलूप लावलेला. आणि विषय बदलला.

त्यांच्या टेबलावर मार्शलचा फोटो असायचा, गणवेशातला, छातीवर पदकं. दत्तारामला वाटलं ते त्यांचे वडील. दसऱ्याला त्यानं ऑफिसची गाडी धुतली, पुजली, आणि उरलेला झेंडूचा हार मार्शलना घातला. मी धसकलेच. अध्यक्ष आले, आणि हार बघून म्हणाले की त्यांच्याकडेही अगदी असंच करत, फक्त फुलं सरकारी असायची. हार त्यांनी काढू दिला नाही. तो वाळून कोळ झाला तरी तिथेच होता.

राहायला ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, अल् घुब्राला, आमच्या खालच्या मजल्यावर. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचे. मी महाडची. बांगडा, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी हे सगळं ते आवडीनं खायचे, काटे इतके सफाईनं काढायचे की माझ्या मिस्टरांना लाज वाटायची. आमची मुलगी तेव्हा इंडियन स्कूलमध्ये लहान वर्गात. तिचं मराठी अडखळतं, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत. अध्यक्षांनी तिला विरोधाचा खेळ शिकवला आणि माझ्या घराची शांतता गेली. दुधी भोपळ्याची भाजी वाढली की ती हात वर करून सांगायची, "आई, आज मी अगेन्स्ट आहे." कारण विचारलं की अध्यक्षांकडे बघायची. ते तिला डोळ्यांनी धीर द्यायचे. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही माझ्या घरात क्रांती करताय. ते म्हणाले, क्रांती सोपी असते कोलेगा, ती झाल्यावर भोपळा कोण खातं हा खरा प्रश्न.

असा माणूस. बाकी सवयीही काही कमी नव्हत्या. कुणी पहिल्याच फटक्यात 'हो' म्हटलं की ते अस्वस्थ व्हायचे. "पहिला होकार कॉफीचा असतो," म्हणायचे, "तो मोजायचा नाही." बिल्डिंगचा मालक भाडं वाढवणार नाही असं लगेच म्हणाला, तेव्हा ते दोन दिवस चिंतेत होते. मीटिंगमध्ये सगळे हात एकदम वर गेले की पेन्सिल खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "एकमत झालं. आता मला सांगा, तुमच्यातलं घाबरलेलं कोण आहे?" आम्ही हसायचो. ही त्यांची गंमत आहे असं आम्हाला किती तरी दिवस वाटत होतं.

ती गंमत नव्हती, हे मला कळलं आमच्या जयंतीच्या दिवशी. एप्रिलमध्ये मस्कतमधली आमची बौद्ध कुटुंबं कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायची. त्या वर्षी ती आमच्याकडे होती. पडदे ओढून घेतलेले, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, खीर-पुरीचा वास, लहान मुलं शिकवून आणलेली वंदना चुकत चुकत म्हणणारी. अध्यक्ष कोट घालून आले आणि शेवटच्या ओळीत बसले. माझ्या मिस्टरांनी भाषणात महाडच्या तळ्याबद्दल सांगितलं, आमच्या आजोबांच्या पिढीनं त्या पाण्याला हात लावला त्याबद्दल. मी अध्यक्षांच्या कानाशी इंग्रजीत सांगत होते. गुरं पाणी पीत आणि माणसांना बंदी, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

पाहुणे गेल्यावर ते तसेच बसून राहिले. खिरीची वाटी हातात. मग म्हणाले, "तुमच्या लोकांनी तळ्याचं पाणी मिळवायला जीव धोक्यात घातला. मी माझ्या लोकांना अख्खं तळंच दिलं, कोलेगा. त्यांच्या छपरांच्या वर."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खडकाळ मुलूख, पावसाचं पाणी जमिनीत गडप होणारा. बायका डोंगर उतरून लाकडी बादल्यांनी पाणी आणायच्या, त्यांची आईसुद्धा. महायुद्धात हे शाळकरी पोर, पावाच्या लादीत चिठ्ठ्या लपवून डोंगरातल्या क्रांतिकारकांना पोचवायचे. युद्ध संपलं तसा पक्ष त्यांना आपला वाटला, कारण पक्षानं पहिलं वचन दिलं ते नळाचं. तरुणांच्या तुकड्यांत त्यांनी कुदळ-फावड्यानं रस्ते बांधले, तिथेच बायको भेटली. तेव्हा ती कुठल्या जातीची, म्हणजे सर्ब की क्रोएट, हे कुणी विचारत नव्हतं, पुढे सगळ्यांनी विचारलं. रात्रशाळा करून ते इंजिनिअर झाले, भाषणं करायला शिकले, वर वर चढत गेले. मंत्री झाल्यावर त्यांनी खेडोपाडी खरोखर नळ नेले. ते सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. एका म्हातारीनं नळाच्या तोटीचा मुका घेतला होता म्हणे.

आणि मग धरण. वीज हवी होती, खालच्या शहरांना पाणी हवं होतं, आणि सोयीची जागा होती त्यांच्याच गावची दरी. शाळेत सभा घेतली. मंत्री गावचाच. त्यांनी भाषण केलं, नवे फ्लॅट, बाथरूम, शाळा, दवाखाना. मग विचारलं, बाजूनं कोण. सगळे हात वर. तिसऱ्या रांगेत त्यांची आई बसली होती, तिचाही हात वर. विरोधात कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. एकमत झाल्यावर विचारायचं कशाला? राजधानीत त्यांचं कौतुक झालं.

"घरी आम्ही जेवायला बसलो," ते म्हणाले, "आई वाढत होती. मी तिला विचारायला हवं होतं. सभेत नाही, तिथे, स्वयंपाकघरात. मी भाकरी मागितली."

दरीत पाणी चढलं. गावाला चार मजली इमारती मिळाल्या, आईला एक फ्लॅट मिळाला, त्याच्या एका खिडकीतून जलाशय दिसायचा. आई पुढे बरीच वर्षं जगली, मुलाला कधी शब्दानं बोलली नाही. फक्त ती खिडकी तिनं उघडली नाही. काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलं आणि मरेपर्यंत तिथे राहिली.

त्यानंतर त्यांच्या राजकारणाचंही फार दिवस काही राहिलं नाही. पक्षात बदलाचे वारे आले, सरळ बोलणारा एक जिवलग मित्र त्यात सापडला. त्याला काढायच्या सभेत सगळ्यांबरोबर ह्यांनीही हात वर केला. पुढच्या पानगळीत ह्यांना काढायची सभा झाली, तेव्हाही सगळे हात वर. मग एका सरकारी बांधकाम कंपनीनं त्यांना इराकला धाडून दिलं, आणि ते परदेशातच राहिले. मायदेशी युद्ध झालं, देश फुटला, आई गेली. तिच्या मातीलाही ते पोचू शकले नाहीत. त्या फ्लॅटला तेव्हापासून कुलूप होतं. मी त्यांच्या हातातली वाटी घेतली. खीर तशीच होती. मला त्या माणसाची इतकी माया आली की मी पुन्हा गरम पुरी आणून वाढली.

हे सगळं मी एवढं लांबवून सांगितलं, कारण ह्याशिवाय इब्राच्या पलीकडल्या गावात जे झालं ते कळायचं नाही.

इब्राहून आत एक रस्ता न्यायचा होता, त्याचं डिझाइन आमच्याकडे. वाटेत डोंगराच्या पायथ्याशी खजुरीचं एक जुनं गाव. ओमानमध्ये अशा गावांना फलजचं पाणी असतं. डोंगराच्या पोटातून खणून आणलेला जुना पाट, जमिनीखालून येतो, गावात उघड्यावर वाहतो, आणि प्रत्येक बागेला ठरलेल्या पाळीनं पाणी देतो. आमचा रस्ता सरळ न्यायचा तर डोंगर खोल कापावा लागत होता, आणि तिथेच जमिनीखाली फलजची मूळ वाट होती. ती तुटणार, पाट कोरडा पडणार. त्याबदल्यात गावाला बोअरवेल, पंप, टाकी आणि नळ. पंपाचं गणित अध्यक्षांनीच केलं होतं. पाणी कमी पडत नव्हतं, उलट थोडं जास्तच मिळत होतं. दुसरा मार्ग म्हणजे डोंगराला वळसा. तोही त्यांनी काढून ठेवला होता. पण मॅनेजरना सरळ रस्ता हवा होता, आणि तो त्यांनी वर सरकारात कबूलही करून ठेवला होता. राहिली होती गावाची संमती. ते म्हणाले, गावात एकदा जाऊन आलोय, सगळे हो म्हणालेत, आता फक्त गावच्या प्रमुखाची, शेखची सही आणायची, खलास.

सगळे हो म्हणालेत, हे ऐकून अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली.

आम्ही चौघे निघालो. दत्ताराम गाडीवर, पुढे मॅनेजर, मागे अध्यक्ष आणि मी. वाटेत ते मला हळूच म्हणाले, "कोलेगा, तुला बायकांच्या खोलीत बसवतील. तिथे रस्त्याचं काही बोलू नकोस. फक्त त्या काय बोलतात ते ऐक."

तसंच झालं. पुरुष गावाच्या बैठकीच्या खोलीत गेले, मला आतल्या घरात नेलं. गालिचा, खजूर, हलवा, कहवा म्हणजे वेलचीची अरबी कॉफी. बायका सात-आठ असतील, तरण्याताठ्या आणि म्हाताऱ्या. त्यांतली एक म्हातारी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जाऊन आलेली, तिला हिंदी येत होतं. मी इंडियाची म्हटल्यावर तिनं माझा हात धरून ठेवला. माझ्या साडीची, मुलीची, सासूची चौकशी झाली. मग तिनं स्वतःहूनच विचारलं, तू रोडवाली ना? मी मान हलवली. ती मला उठवून मागच्या दारी घेऊन गेली. तिथे फलजचा पाट भिंतीआडून वाहत होता. बायकांची धुण्याची, आंघोळीची जागा, वर झावळ्यांची सावली. पाण्यात पाय सोडून दोन मुली बसल्या होत्या. म्हातारी म्हणाली, तिचं लग्न झालं तेव्हा तिला पहिल्यांदा इथे आणलं होतं, आणि तिच्या सासूनं तिला सुखदुःखाचं सगळं इथेच सांगितलं होतं. टाकीच्या नळापाशी कोण कुणाला काय सांगणार?

मी विचारलं, मग तुमच्या माणसांनी हो का म्हटलं?

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मर्द लोग मेहमान को ना नहीं बोलता," ती म्हणाली. "तुम लोग मेहमान है. घर आया, कहवा पिया. कैसे ना बोलेगा?"

मी बैठकीच्या दारात येऊन उभी राहिले. तिथे एक मजा चालली होती, जी मला आधी कळलीच नाही. ओमानी घरात कहव्याची वाटी रिकामी झाली आणि आणखी नको असेल तर ती हातात हलवून परत करायची. नाही हलवली, तर वाढणारा पुन्हा वाढतो. मॅनेजरनी पहिल्याच वाटीला हलवली होती. अध्यक्ष मात्र वाटी पुढे करतच होते. वाढणारा वाढत होता, शेख शांतपणे बघत होते, आणि पाहुणा पितोय तोवर कुणाला उठता येत नव्हतं की कामाचं बोलता येत नव्हतं. दारात बसलेला दत्ताराम मला हळूच म्हणाला, "तुमची वाट बघत पितत हत. आता पोट फुटात."

मला बघून त्यांनी वाटी खाली ठेवली. हलवली नाही. भरल्या खोलीत, मॅनेजरसमोर, त्यांनी मला नेहमीच्या आवाजात विचारलं, "कोलेगा, आज विरोधात कोण?"

त्या आठवड्यात फळ्यावर माझं नाव होतं. मॅनेजरनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. माझी नोकरी, मुलीची शाळा, गावाकडचं चालू असलेलं घराचं बांधकाम, सगळं त्या नजरेत होतं. तरी मी म्हटलं, "मी आहे, सर." आणि म्हातारीनं सांगितलेलं सांगायला तोंड उघडलं.

अध्यक्षांनी हातानं थांबवलं. "पाळी तिची आहे," ते मॅनेजरना म्हणाले, "पण आज ती मी घेतो. माझी एक राहून गेली आहे."

आणि त्यांनी हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, कोपर सरळ, बोटं जुळवून. मग आपल्या त्या इराकी धाटणीच्या अरबीत, जिला सगळं ओमान हसायचं, त्यांनी गावाला सांगितलं, आणि दत्तारामनं मला हळूच अर्थ लावून दिला: ह्या रस्त्याचं पाण्याचं गणित मी केलं आहे, ते बरोबर आहे, आणि मी त्याच्या विरोधात आहे. रस्ता डोंगराला वळसा घालून नेता येतो. फलज तोडू नका.

दुसरा एकही हात वर गेला नाही. जाणार नव्हताच, हात वर करून पाहुण्याचा अपमान करायची रीत तिथे नाही. ते मात्र तसेच बसले होते, एकटे, हात वर धरून. मला वाटलं जाऊन खाली घ्यावा. मॅनेजर काही तरी बोलायला लागले तेव्हा शेखनी त्यांना नम्रपणे थांबवलं.

"पाहुण्याला नाही म्हणणं आमच्यात बसत नाही," ते म्हणाले. "हा पाहुणा तुमच्यापेक्षा वयानं मोठा. तो म्हणतो, फलज तोडू नका. त्याला आम्ही नाही कसं म्हणणार?"

खोलीतल्या दाढ्या हलल्या. कुणीतरी हसू आवरलं. सगळ्या गावाला जे म्हणायचं होतं ते एकाही माणसाला 'नाही' न म्हणता म्हणून झालं होतं. शेख स्वतः उठले, अध्यक्षांचा हात धरून खाली घेतला, आणि त्या हातात कहव्याची वाटी दिली. अध्यक्षांनी ती प्यायली आणि मग पहिल्यांदा हलवली. परतीच्या वाटेवर इब्राला पोचेपर्यंत अध्यक्षांना दोनदा गाडी थांबवावी लागली, इतका कहवा पोटात होता.

गावाची संमती नाही म्हटल्यावर फाइल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि शेवटी वळशाचाच रस्ता मंजूर झाला. अध्यक्षांचा करार मात्र वाढला नाही. मॅनेजर दुष्ट नव्हते, मला त्यांनी काही केलं नाही. पण भर बैठकीत स्वतःच्याच कंपनीविरुद्ध हात वर करणारा सल्लागार कुठली कंपनी ठेवील?

शेवटच्या शनिवारी मीटिंगच्या खोलीत बसायला जागा नव्हती. मॅनेजरही येऊन मागे उभे राहिले. अध्यक्षांनी कॉफीचं भांडं समोर ठेवलं आणि विषय वाचला: सल्लागाराचं मायदेशी जाणं. "विरोधात कोण?"

सगळे हात वर गेले. अकाउंटंटचा, परवानगी न मागता. दत्तारामचे तर दोन्ही. मॅनेजरनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांचाही हात वर गेला. अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली. आम्हाला वाटलं आता नेहमीचा प्रश्न विचारतील. ते म्हणाले, "एकमत. म्हणजे कुणीतरी घाबरलेलं असणारच. ह्या वेळी तो मी आहे."

कुणी हसलं नाही. मी तर सरळ रडायला लागले. ते विमानतळावर गेले तेव्हा त्यांच्या सामानात ते तांब्याचं भांडं होतं, आणि वाळक्या हारासकट मार्शल. माझी मुलगी गाडीच्या दारात हात वर करून उभी राहिली होती, तिला तो खेळच वाटत होता.

रस्ता झाला. सरळ जाणारा डांबरी रस्ता त्या गावापाशी एकदम डोंगराला वळसा घालतो. आम्ही एकदा सहकुटुंब गेलो तेव्हा गाडी दत्तारामच्या हातात होती. मुलीला वळणावर उलटीसारखं झालं आणि ती कुरकुरली, की रस्ता असा का. "हयसर अध्यक्षान हात वर केल्यान," दत्ताराम म्हणाला, "म्हणान रस्तो वाकडो झालो." आम्ही गावात थांबलो. पाट वाहत होता. ती म्हातारी नव्हती आता, पण तिच्या सुनेनं मला ओळखलं.

घरी आल्यावर मी अध्यक्षांना फोन लावला. ते आईच्या फ्लॅटमध्ये राहायला लागले होते. आवाज बारीक झाला होता. मी वळणाचं सांगितलं. लोक काय म्हणतात, त्यांनी विचारलं. म्हटलं, शिव्या घालतात, पोटात ढवळतं म्हणतात. "छान," ते म्हणाले, "म्हणजे एकमत नाही."

मग मला राहवेना. मी विचारलं, "सर, ती खिडकी?"

"कागद मी भिजवून काढला," ते म्हणाले. "निघता निघेना. आता सकाळी कॉफी करतो, दोन कप, आणि खिडकी उघडून बसतो. पाणी दिसतं. वारा नसला की अगदी स्वच्छ दिसतं."

मग मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "आणि आज विरोधात कोण?"

"आई," ते म्हणाले. "सध्या रोज तिचीच पाळी असते. मी नुसता बसून ऐकतो."